दंतवैद्याच्या खुर्चीतले मूल

लहान मुलांच्या दातांवर उपचार करणारी स्वतंत्र वैद्यकशाखा जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. त्याआधी मुलाची आणि दात काढणाऱ्याची गाठ बहुधा एकाच प्रसंगी पडे. दाढेचा ठणका रात्रभर चालला, गाल सुजला, लवंगेचे तेल आणि मिठाच्या गुळण्या करून झाल्या, की मग मुलाला उचलून नेले जाई. पहिलीच भेट दुखण्याच्या दिवशी होई आणि ती आणखी दुखवून संपे. दंतवैद्याविषयीची मुलांची भीती मुख्यतः या क्रमातून जन्मली. गेल्या तीनशे वर्षांत ती घालवण्याचे जे प्रयत्न झाले, ते तीन वाटांनी झाले : उपचारातली वेदना कमी करणे, दवाखाना मुलांच्या रोजच्या जगाजवळ आणणे आणि मुलाशी वागण्याची रीत बदलणे. यांपैकी एकच वाट धरून भागत नाही, हे ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

दात येण्याचे दुखणे

मुलांच्या दातांचा विचार वैद्यकात प्रथम आला तो दात किडण्याच्या नव्हे, तर दात येण्याच्या निमित्ताने. बालरोगांवरील प्राचीन ग्रंथ ‘काश्यपसंहिता’ याच्या सूत्रस्थानात ‘दन्तजन्मिक’ नावाचा एक अध्याय आहे. दात कोणत्या महिन्यात येतात, त्यांचे प्रकार किती, मुलींचे दात मुलांपेक्षा लवकर आणि कमी त्रासाने का येतात, अशा गोष्टींची चर्चा त्यात केली आहे. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात दात येणे हे बालकांच्या सर्व रोगांचे कारण मानले. पण त्याला जोडून एक शहाणपणाची सूचनाही केली. दात येताना होणाऱ्या तक्रारींसाठी बाळाला पथ्य-उपचारांच्या जाचात फार अडकवू नये, दात बाहेर आले की त्या आपोआप शमतात, असे त्याचे मत होते.

युरोपातील वैद्यांनी नेमकी उलटी वाट धरली. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाज पारे याने आठ महिन्यांच्या एका मृत बालकाच्या हिरड्या कापून पाहिल्या. आत दात तयार होते, पण बाहेर फुटले नव्हते. हिरड्या वेळीच कापल्या असत्या तर मूल वाचले असते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे तान्ह्या मुलांच्या हिरड्यांवर नस्तर चालवण्याची प्रथा टिकून राहिली. जोसेफ हरलॉक याने १७४२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ मुलांच्या दातांवरचा पहिला इंग्रजी ग्रंथ मानला जातो. त्याचाही भर हिरड्या कापण्यावरच होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मृत्युनोंदणीत दात येणे हे मृत्यूचे कारण म्हणून सर्रास लिहिले जाई. प्रत्यक्षात ही मुले अतिसार, न्युमोनिया, देवी यांसारख्या रोगांनी मरत. ते रोग आणि दात येण्याचे वय एकच असल्याने दोष दातांवर येई.

हिरड्यांना चिरा द्यायच्या नसतील, तर बाळाला गुंगी आणली जाई. अमेरिकेत १८४९ पासून विकले जाणारे ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ दात येणाऱ्या बाळांसाठी घरोघर वापरात होते. त्यात मॉर्फिन असे. अमेरिकेत १९०६ मध्ये झालेल्या कायद्याने अशा औषधांच्या बाटलीवर घटक छापणे भाग पडले आणि तेव्हा कुठे त्याचा खप ओसरू लागला.

जत्रेतला दात काढणारा

किडलेला दात काढण्याचे काम युरोपात न्हावी-शल्यक आणि फिरते दात काढणारे करीत. जत्रा, बाजार आणि पुलांवर त्यांची दुकाने मांडलेली असत. पॅरिसच्या पाँ-नफ पुलावर अठराव्या शतकात ‘ग्राँ थोमा’ या नावाने ओळखला जाणारा दात काढणारा शहरात प्रसिद्ध होता. भोवती गर्दी जमे आणि रुग्णाची वेदना हा तिच्यासाठी एक खेळ होऊन बसे. रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यांत दाबून धरण्याची पद्धत होती.

पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये ‘ल शिर्युर्जियाँ दाँतिस्त’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि दंतवैद्यकाला शास्त्राचे रूप दिले. रुग्णाला जमिनीवर बसवण्याच्या रीतीला त्याने स्पष्ट विरोध केला. हात टेकता येतील अशा भक्कम खुर्चीत रुग्णाला बसवावे आणि वैद्याने बाजूला किंवा मागे उभे राहून काम करावे, असे त्याने सांगितले. दातात किडे असतात हा जुना समजही त्याने नाकारला. खुर्चीचा हा बदल वरवर किरकोळ वाटतो. पण उपचार म्हणजे झोंबाझोंबी नव्हे, ही कल्पना त्यातूनच पुढे आली.

भारतातही ‘सुश्रुतसंहिते’त दंतरोगांचे आणि त्यांवरच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे, पण लोकव्यवहारात हे काम वैदू आणि न्हावी यांच्याकडे राहिले. महाराष्ट्रात गावोगाव फिरणारे वैदू तुंबडी लावण्याबरोबर दातही काढीत. मुलांच्या बाबतीत त्यांची गरज कमी पडे, कारण दुधाचे दात पडायचेच असतात, त्यांचे काय करायचे, अशी सार्वत्रिक समजूत होती. हलणारा दात दोरा बांधून काढायचा, शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा, म्हणजे नवा दात उंदराच्या दातासारखा बारीक आणि मजबूत येतो, अशी रीत होती. सहाव्या-सातव्या वर्षीचा हा घरगुती सोहळा मुलाला दात पडण्याची भीती वाटू नये याची नकळत सोय करी. मात्र त्याच समजुतीमुळे दुधाच्या दातातली कीड दुर्लक्षित राहिली. मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखतात, हे ज्ञान सर्वसामान्यांपर्यंत फार उशिरा पोचले.

भूल, सुई आणि यंत्र

वेदनेवरचा पहिला मोठा विजय दंतवैद्यांनीच मिळवला. अमेरिकेत कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर कोल्टन याने नायट्रस ऑक्साइड वायूचा, म्हणजे हसवणाऱ्या वायूचा, खेळ लावला होता. वायू घेतलेल्या एका माणसाच्या पायाला जखम झाली, पण त्याला ती जाणवली नाही, हे प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू घेऊन स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढच्या महिन्यात बॉस्टनमधले त्याचे जाहीर प्रात्यक्षिक फसले. त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी तिथेच ईथरची भूल यशस्वी करून दाखवली. कोल्टनने १८६३ पासून दात काढण्यासाठी हसवणारा वायू पुन्हा वापरात आणला आणि तो दंतवैद्यकात कायमचा रुजला.

मुलांना याचा फायदा झाला, पण एक नवी भीतीही मिळाली. ब्रिटनमधील दवाखान्यांत विसाव्या शतकात दात काढण्यासाठी मुलांना पूर्ण बेशुद्ध करण्याची पद्धत रूढ होती. तोंडावर दाबलेला काळा रबरी मुखवटा, वायूचा वास आणि जाग येताच तोंडात आलेली रक्ताची चव यांची आठवण अनेकांनी आयुष्यभर बाळगली. अशी भूल देताना अधूनमधून मृत्यूही होत. अखेर २००१ नंतर तिथे दातांसाठीची संपूर्ण भूल फक्त रुग्णालयातच देण्याचा नियम झाला. याउलट मूल जागे राहील, बोलेल, पण निवांत होईल इतक्याच मात्रेत नायट्रस ऑक्साइड देण्याची पद्धत हॅरी लँगा या अमेरिकन दंतवैद्याने १९६० च्या दशकात मांडली. आजही घाबरलेल्या मुलांसाठी याच प्रकारचे सौम्य शामन वापरले जाते.

जागेवरच बधिर करण्याची सोय कार्ल कोलर याने १८८४ मध्ये कोकेनचा गुण दाखवल्यावर सुरू झाली. कोकेन घातक आहे हे लवकरच कळले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेट आइनहॉर्न याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेन, म्हणजे नोव्होकेन, तयार केले. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन याने १९४३ मध्ये लिडोकेन शोधले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. इंजेक्शनच्या आधी हिरडीला लावण्याच्या मलमातही लिडोकेन वापरता येऊ लागले. त्यामुळे सुईची टोचही बोथट झाली.

दात कोरण्याच्या यंत्राची गोष्ट अशीच दुहेरी आहे. जेम्स मॉरिसन याने १८७१ मध्ये पायाने चालवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचे टोक मिनिटाला सुमारे २,००० फेरे घेई आणि दाताबरोबर सारे डोके हादरे. विजेवर चालणारे यंत्र १८७५ मध्ये आले, तरी गती पुष्कळ काळ बेताचीच राहिली. न्यूझीलंडमधील जॉन वॉल्श यांनी १९४९ च्या सुमारास हवेच्या दाबाने फिरणाऱ्या चक्रीचे प्रयोग केले. अमेरिकेत जॉन बोर्डन यांनी १९५७ मध्ये ‘एअरोटर’ बाजारात आणला. त्याची गती मिनिटाला तीन लाख फेऱ्यांच्या घरात होती. हादरे गेले, काम मिनिटांत आटोपू लागले. पण त्याबरोबर एक किरकिरता, उंच पट्टीतला आवाज आला. दुखण्यापेक्षा त्या आवाजालाच बिचकणारी मुलांची एक पिढी पुढे तयार झाली. १९६० च्या सुमारास बॉस्टनमध्ये वॉलेस गार्डनर आणि जे. सी. आर. लिकलायडर यांनी रुग्णाच्या कानावर हेडफोन लावून संगीत आणि धबधब्यासारखा एकसुरी आवाज ऐकवण्याचा प्रयोग केला, तो यंत्राचा आवाज झाकण्यासाठी आणि वेदनेवरचे लक्ष वळवण्यासाठी.

शाळेच्या आवारातला दवाखाना

दवाखाना मुलांजवळ नेण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. स्कॉटलंडमधील डंडी शहरातले दंतवैद्य विल्यम फिशर यांनी १८८५ मध्ये शाळकरी मुलांच्या दातांकडे सक्तीने लक्ष दिले पाहिजे, अशी मागणी करणारा निबंध वाचला. त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलांच्या दातांची पाहणी सुरू झाली आणि कीड किती पसरली आहे ते उघड झाले. औद्योगिक शहरांत साखर स्वस्त झाली होती आणि गरीब घरांतही ती रोज पोटात जात होती. तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात एर्न्स्ट येसेन यांनी १९०२ मध्ये नगरपालिकेचा पहिला शालेय दंतदवाखाना उघडला. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे १९०७ मध्ये असाच दवाखाना निघाला.

अमेरिकेत हे काम दानशूर उद्योगपतींनी उचलले. बॉस्टनमध्ये फोरसिथ बंधूंच्या देणगीतून उभारलेले मुलांचे दंतरुग्णालय १९१४ मध्ये सुरू झाले. कोडॅक कंपनीचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी तोच नमुना उचलून १९१७ मध्ये रॉचेस्टर येथे मुलांसाठी दंतदवाखाना काढला. पुढे लंडन, रोम, ब्रुसेल्स, स्टॉकहोम आणि पॅरिस या शहरांतही त्यांच्या पैशाने अशा संस्था उभ्या राहिल्या. मुलांसाठी वेगळी इमारत असावी, हा विचार यांतून रूढ झाला. याच काळात ब्रिजपोर्ट येथील आल्फ्रेड फोन्स यांनी दात साफ करणे आणि मुलांना शिकवणे एवढ्यापुरत्या प्रशिक्षित सहायिका तयार करण्यास १९१३ मध्ये आरंभ केला आणि शाळांत त्यांना नेमले. दातांसाठी येणारी व्यक्ती दर वेळी दात उपटायलाच येते असे नाही, हा अनुभव मुलांना प्रथमच मिळाला.

या वाटेवरचा सर्वांत मोठा प्रयोग न्यूझीलंडमध्ये झाला. पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या तरुणांचे दात इतके वाईट निघाले की सरकार हादरले. सैन्याच्या दंतविभागाचे प्रमुख थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने १९२१ मध्ये शालेय दंतसेवा सुरू झाली. तरुण स्त्रियांना दोन वर्षे शिकवून शाळांच्या आवारातल्या दवाखान्यांत ‘स्कूल डेंटल नर्स’ म्हणून नेमले जाई. त्या मुलांचे दात तपासत, कीड कोरून भरत आणि दुधाचे दात काढत. लहान मुलांशी स्त्रिया अधिक मायेने वागतील, हा हिशेब त्यामागे होता. नर्सबाई ओळखीच्या, जागा रोजच्या पाहण्यातली, भेट ठरावीक काळाने होणारी. शिवाय काम झाले की कापसाच्या बोळ्यांचा केलेला भुंगा बक्षीस म्हणून हातात पडे.

तरीही न्यूझीलंडच्या मुलांनी त्या दवाखान्याचे नाव ‘मर्डर हाउस’, म्हणजे खुनाचे घर, असे ठेवले आणि ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. याचे कारण उघड होते. पायाने चालणारी संथ यंत्रे तिथे अनेक वर्षे वापरात होती आणि दात भरताना भूल न देणे हीच रूढी होती. दवाखाना दारात आला, माणूस मायाळू मिळाला, तरी दुखणे थांबत नसेल तर भीती राहतेच, हा धडा या प्रयोगाने दिला. मुलांच्या दातांची स्थिती मात्र त्याने सुधारली. मलायासह अनेक देशांनी पुढे तीच पद्धत उचलली.

धाक की विश्वास

वेदना कमी झाल्यावरही मूल रडतेच, हे दंतवैद्यांच्या ध्यानात आले तसे मुलाशी कसे वागावे हा प्रश्न पुढे आला. मॅकएलरॉय नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९५ मध्येच लिहून ठेवले होते की काम कितीही निर्दोष झाले, तरी मूल रडत बाहेर पडले तर ती भेट फसली असे समजावे. लॉस एंजेलिसमधील डॉ. एम. इव्हँजेलिन जॉर्डन यांनी १९०९ मध्ये केवळ मुलांवरच उपचार करण्याचे ठरवले. अमेरिकेत असे करणाऱ्या त्या पहिल्या. त्यांचे पाठ्यपुस्तक १९२५ च्या सुमारास आले आणि १९२७ मध्ये स्थापन झालेल्या मुलांच्या दंतवैद्यकाच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

त्या काळाची दुहेरी वृत्ती जॉर्डन यांच्याच लेखनात दिसते. मुलाचा विश्वास संपादन करावा, असे त्या सांगत. पण समजावूनही आरडाओरडा थांबवत नसेल, तर त्याच्या तोंडावर घडी घातलेला रुमाल हलकेच पण घट्ट धरावा, असेही त्यांनी लिहिले. ही रीत पुढे ‘तोंडावर हात ठेवणे’ या नावाने अमेरिकन दंतशिक्षणात शिकवली जाऊ लागली. किंचाळणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात ठेवायचा, कानाशी शांतपणे बोलायचे, गप्प झालास की हात काढीन असे सांगायचे आणि गप्प होताच शाबासकी द्यायची. सोबत हातपाय बांधून ठेवणारी पट्ट्यांची फळीही असे. आईवडिलांना बाहेर बसवणे हा सर्वमान्य नियम होता.

मानसशास्त्राने या पद्धतीचा पाया हलवला. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराबरोबर दचकवणारा मोठा आवाज ऐकवून उंदराची भीती शिकवून दाखवली. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये उलट काम केले. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला त्याचा आवडता खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला आणि भीती घालवली. भीती शिकवता येते आणि पायरीपायरीने घालवताही येते, हे यांतून स्पष्ट झाले. दंतवैद्याच्या पांढऱ्या कोटाला घाबरणाऱ्या मुलाने तो कोट बहुधा आधी कुठे तरी सुई टोचणाऱ्या डॉक्टरच्या अंगावर पाहिलेला असतो, याचाही उलगडा झाला.

हॅरल्ड अ‍ॅडेलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत आज जगभर रूढ आहे. काय होणार ते प्रथम मुलाच्या भाषेत सांगायचे. मग ते साधन मुलाच्या नखावर किंवा बोटावर फिरवून दाखवायचे. आणि जे सांगितले आणि दाखवले तेच, तसेच, लगेच करायचे. पद्धतीचे बळ तिसऱ्या पायरीत आहे. सांगितले एक आणि केले दुसरे, तर पहिल्या दोन पायऱ्या फुकट जातात. म्हणूनच ‘काही म्हणजे काही दुखणार नाही’ हे आश्वासन या पद्धतीत बसत नाही. थोडे टोचेल, मुंगी चावल्यासारखे वाटेल, मग दात झोपेल, हे सांगणे बसते.

आईवडिलांचा प्रश्न स्पेन्सर फ्रँकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये हाती घेतला. साडेतीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांचे निरीक्षण करून त्यांनी दाखवले की त्यांतल्या सर्वांत लहान मुलांचे, म्हणजे साधारण चार वर्षांपर्यंतच्यांचे, वागणे आई जवळ असताना अधिक चांगले राहते. मोठ्या मुलांत तसा फरक पडत नाही. याच अभ्यासासाठी तयार केलेली, पूर्ण नकारापासून आनंदी सहकार्यापर्यंतची चार पायऱ्यांची मोजपट्टी आजही बालदंतवैद्य प्रत्येक भेटीच्या नोंदीत वापरतात. बार्बरा मेलामेड यांच्या गटाने १९७५ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली : दुसरे मूल उपचार कसे निभावते याची फीत आधी पाहिली, तर मुलाची भीती कमी होते. मोठ्या भावंडाच्या तपासणीच्या वेळी धाकट्याला शेजारी बसवण्यामागे हेच तत्त्व आहे. त्याच वर्षी जेराल्ड राइट यांनी मूल, पालक आणि दंतवैद्य असा त्रिकोण मांडला. त्यात मूल शिरोबिंदूशी होते.

मुलांच्या हक्कांची जाणीव जसजशी वाढली, तसतशी बळाची साधने मागे पडली. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये तोंडावर हात ठेवण्याची रीत आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. रुमालाचा सल्ला लिहिला गेल्याला तेव्हा ऐंशी वर्षे होऊन गेली होती.

भारतातील बालदंतवैद्यक

भारतात आधुनिक दंतशिक्षणाचा आरंभ १९२० मध्ये कलकत्त्यात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी केला. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले. ते महानगरपालिकेचे असल्याने गिरणगावातल्या आणि आसपासच्या कामकरी कुटुंबांना परवडणारी सोय झाली. तरी देशभर पदवीधर दंतवैद्य फारच थोडे होते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणीचे दोन भाग केले. पदवी असलेल्यांची नोंद ‘अ’ भागात आणि पदवी नसली तरी काही वर्षे हा व्यवसाय करीत आलेल्यांची ‘ब’ भागात झाली. परंपरेने दात काढणारे आणि शिकलेले दंतवैद्य या दोहोंमध्ये कायद्याची रेषा तेव्हा आखली गेली.

मुलांच्या दातांचा स्वतंत्र विषय अमृतसरच्या सरकारी दंतमहाविद्यालयात १९५० मध्ये सुरू झाला. तेथील डॉ. बी. आर. वाछर यांना भारतीय बालदंतवैद्यकाचे जनक मानतात. या शाखेची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात नायर दंतमहाविद्यालयाचे अधिष्ठाता राहिलेले डॉ. सत्यवान दामले यांचे बालदंतवैद्यकावरचे पाठ्यपुस्तक विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरले.

शास्त्र आले तरी घरातली वहिवाट सहज बदलली नाही. मराठी घरांत हट्टी मुलाला गप्प करण्यासाठी बागुलबुवा आणि पोलीस यांच्या जोडीला ‘डॉक्टरकडे नेईन हं, सुई टोचतील’ ही धमकी फार जुनी आहे. मूल खुर्चीत बसण्यापूर्वीच दंतवैद्य शिक्षा करणारा माणूस ठरलेला असतो. दात घासणे ही गोष्ट घरात होती : कडुलिंब आणि बाभळीची काडी, राखुंडी, नंतर माकडछाप काळे दंतमंजन आणि अखेर ब्रश. पण दात दुखत नसताना ते दाखवायला जाण्याचा प्रघात नव्हता. त्यामुळे शाळांतली दंततपासणी शिबिरे हीच अनेक मुलांची दंतवैद्याशी पहिली, आणि न दुखणारी, भेट ठरली. रांगेत उभे राहून ‘आ’ करायचे आणि पुढे सरकायचे, एवढ्या साध्या अनुभवानेही पुढच्या खऱ्या भेटीची धास्ती कमी होते.

न कोरता उपचार आणि पहिला वाढदिवस

गेल्या चार दशकांत वेदनेची वाट आणि वागणुकीची वाट एकत्र आल्या. १९८० च्या दशकाच्या मध्याला टांझानियात वीज आणि यंत्रे नसलेल्या भागासाठी यो फ्रेंकेन यांनी केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून चिकट सिमेंट भरण्याची पद्धत बसवली. जागतिक आरोग्य संघटनेने ७ एप्रिल १९९४ या जागतिक आरोग्य दिनी तिचा पुरस्कार केला. गैरसोयीतून निघालेल्या या उपायाचा मोठा गुण मुलांच्या बाबतीत दिसला : बहुधा सुई लागत नाही आणि यंत्राचा आवाजही नसतो. स्कॉटलंडमधील दंतवैद्य नोर्ना हॉल यांनी किडलेल्या दुधाच्या दाढेवर भूल न देता, न कोरता, थेट स्टीलची टोपी सिमेंटने बसवण्याची रीत वापरली. त्यांच्या नोंदींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती जगभर पसरली. जपानमध्ये १९७० च्या सुमारास आलेले सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण कीड जागेवर थांबवते. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण लावायला मिनिटभर पुरते. अमेरिकेने त्याला २०१४ मध्ये परवानगी दिली आणि भारतातही ते वापरले जाते.

पहिल्या भेटीचे वयही बदलले. पूर्वी तिसरे वर्ष योग्य मानत. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने १९८६ मध्ये पहिल्या वाढदिवसाच्या आत पहिली तपासणी व्हावी, अशी शिफारस केली. या भेटीत उपचार जवळजवळ नसतोच. बाळ आईच्या मांडीवर असते, दंतवैद्य समोर गुडघ्याला गुडघा लावून बसतो आणि बाळाचे डोके क्षणभर त्याच्या मांडीवर घेऊन दात मोजले जातात. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये, पहिला दात येताच तो पुसायला लागावे, यांसारख्या गोष्टी पालकांना समजावून दिल्या जातात. नंतरच्या भेटी लहान, सकाळच्या आणि मूल झोपाळलेले किंवा भुकेले नसताना ठरवल्या जातात. खुर्ची वर-खाली करून दाखवणे, आरशात स्वतःचे दात पाहू देणे, थांबायचे असेल तर हात वर करायची खूण ठरवणे, हे सगळे कोणतेही काम सुरू होण्याआधी घडते. पालकांनी आधीपासून ‘घाबरू नकोस’, ‘दुखणार नाही’ असे बजावत राहू नये, स्वतःच्या दातांच्या जुन्या कहाण्या मुलासमोर सांगू नयेत आणि दवाखान्याचा धाक कधीही घालू नये, हे आजच्या सल्ल्यातले मुख्य मुद्दे आहेत.

तिन्ही वाटा आता उपलब्ध आहेत : उपचार बहुतांशी वेदनारहित करता येतो, दवाखाने जवळ आहेत आणि मुलाशी वागण्याचे शास्त्र शिकवले जाते. असे असूनही ज्या मुलाला ठणका लागल्यावरच प्रथम नेले जाते, त्याच्यासाठी जुनाच क्रम कायम राहतो. कीड खोल गेलेली असते, सुई आणि यंत्र टाळता येत नाहीत आणि ओळख होण्याआधी दुखणे येते. अशा मुलासाठीही सौम्य शामन आहे, कामाचे लहान लहान भेटींत विभाजन आहे, फारच लहान वयात अनेक दात किडले असतील तर रुग्णालयातील संपूर्ण भूल आहे. पण हे सारे नंतरचे उपाय आहेत. मूल दंतवैद्याकडे निर्धास्त राहील की नाही, हे मुख्यतः त्याची पहिली भेट दुखण्याच्या आधी झाली की नंतर, यावर ठरते.